चमचाभर कूट

तिला माहीत होतं का?

या एका प्रश्नानं केतकीला तीन रात्री झोपू दिलं नव्हतं. तिला म्हणजे मैत्रेयीला. केतकीच्या पाच वर्षांच्या मुलीला.

पण मठात अक्कांसमोर बसल्यावर तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

“...तर मला एखादं व्रत द्या, अक्का. दाणे, तूरडाळ, वांगं, टोमॅटो, विकतचा मसाला, यातलं काही चालत नाही असं. तुम्ही दिलंय, एवढंच आईंना सांगा.”

अक्का सत्तरीच्या पुढच्या. टेकडीवरच्या या लहानशा मठात एकट्याच राहायच्या. केतकीच्या सासूबाई, सिंधूताई, तीस वर्षं त्यांच्या शिष्या. डॉक्टरांचा कागद पुढे केला की सिंधूताईंना चष्मा सापडत नसे. अक्कांच्या शब्दाला मात्र चष्मा लागत नसे.

“व्रत कशाला? तुला तर आजार आहे ना?”

“आजाराला कोण विचारतं?” केतकी म्हणाली. “काशीला जाऊन वांगं सोडलं असतं, तर सून किती धार्मिक म्हणून आईंनी गावभर सांगितलं असतं. घसा सुजतो म्हणून सोडलं, तर म्हणे थेरं.”

दोन वर्षांपूर्वी घरामागच्या द्राक्षबागेत फवारणी चालू होती आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली होती. महिनाभर दवाखान्याच्या खेपा झाल्या. त्यानंतर केतकीचं शरीर एकेका पदार्थाशी भांडण काढू लागलं. अंगावर गांधी, ओठाला सूज, घसा आवळलेला. उदबत्तीच्या धुरानंसुद्धा. आता तिला सोसत होतं ते भात, मूग, दुधी, लाल भोपळा आणि घरचं तूप.

बागवाले म्हणाले, औषधच मारलं होतं, औषधानं काय होतंय. निशू, तिचा नवरा, म्हणाला, मोबाइलवर वाचणं कमी कर. तिनं तेही करून पाहिलं. आपल्या डोक्यातच काही असेल का, असा पंधरा दिवस प्रामाणिक विचार केला. एम.एस्सी. झालेल्या बाईनं स्वतःच्या घशाकडे पुरावा मागावा, याचाही मग तिला राग आला.



“व्रताचं उद्यापन असतं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“सोळा गुरुवार संपले की सिंधू तुला पाटावर बसवेल, ओटी भरेल आणि दाण्याची आमटी वाढेल. मानानं. तेव्हा काय करशील?”

इतकं वाचणाऱ्या केतकीला उद्यापन सुचलंच नव्हतं.

“रविवारी तुला दवाखान्यात न्यावं लागलं म्हणे. काय झालं?” अक्कांनी विचारलं.

“माझी दुधीची भाजी मी वेगळी करून ठेवली होती. आईंनी त्यात चमचाभर दाण्याचं कूट ढवळलं. सवय व्हावी म्हणून. दोन घासांत घसा बंद झाला. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत इंजेक्शन मिळालं.”

तेवढ्यात नातीला बाहेर पायरीवर बसवून सिंधूताई आत आल्या. त्यांनी देवापुढं दोन उदबत्त्या लावल्या, हात जोडले. धुराची रेघ गाभाऱ्यातून बाहेर आली. केतकीनं ओढणी नाकाशी धरली.

अक्का गुडघा धरून उठल्या. देवापर्यंत गेल्या. एक उदबत्ती चिमटीत धरून विझवली. मग दुसरी.

“अहो अक्का... देवापुढची आहे ती.”

“देवाचा घसा सुजत नाही, सिंधू.”



सिंधूताई खाली बसल्या. “चमचाभरच होतं,” त्या म्हणाल्या. “निशूला लहानपणी दूध सोसत नव्हतं. थोडं थोडं देऊनच अंगाला लावलं मी. मला वाटलं, हिलाही...”

“इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं होतीस?”

“तिथंच. तिचे पाय धरून.” सिंधूताईंनी पदर तोंडाशी नेला.

“पुन्हा तिच्या पातेल्यात चमचा घालशील?”

“नाही.”

“बोटसुद्धा?”

“नाही, अक्का.”

झालं. केतकी ज्यासाठी आली होती ते मिळालं, तेही खोट्या व्रताशिवाय. तिनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. तिनं तोंड सोडलं.

“ऐकलंत ना, आई? का आता ऐकायलाही चष्मा लागतो? शेजारच्या बारशाला मी ताट सरकवलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? हिला नखरे परवडतात. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मूर्खासारखी हसले. दोन वर्षं माझं पातेलं वेगळं म्हणून मला सोवळ्यातली बाई म्हणता, आणि माझा जीव जायची वेळ आली तेव्हा मैतूला काय सांगितलंत? आईला जरा ठसका लागलाय.”

अक्कांनी तिला थांबवलं नाही. ती दमून आपोआप थांबली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा चीड आली.

“आता म्हणा,” ती अक्कांना म्हणाली, “राग सोड म्हणून.”

“कशाला? आधीच इतकं सोडलंयस. तेवढा असू दे.”

सिंधूताईंना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. केतकीही हसणार होती.

“पण तू यासाठी आलेली नाहीस,” अक्का म्हणाल्या.

...

“आई कूट घालत होत्या,” केतकी सावकाश म्हणाली, “तेव्हा मैतू ओट्याशेजारी स्टुलावर बसली होती. जेवताना माझ्या मांडीला मांडी लावून बसली. मी घास उचलला. तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि काही बोलली नाही.”

“तिला विचारलंस?”

“नाही.”

“बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षर वाचतेस म्हणे तू.”

“वाचते.”

“आणि पोरीला विचारलं नाहीस.”

“ती हो म्हणाली तर, अक्का?”

अक्कांनी दाराकडं हात केला. बाहेर पायरीवर मैत्रेयी करवंटीत खडे भरत होती आणि ओतत होती.

“तुम्हीच सांगा ना. तिला माहीत होतं का?”

“मला काय विचारतेस? मी कुठं होते तिथं?”

केतकी उठली. पायरीवर मुलीशेजारी जाऊन बसली.

“मैतू, रविवारी आजीनं माझ्या भाजीत दाणे घातले. तुला दिसलं होतं का?”

खडे थांबले. “हो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

आवाज मऊ ठेवायचा असं तिनं पायरीवर येता येता ठरवलं होतं. तो मऊ राहिला नाही.

मैत्रेयीनं तिच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं.

“सांगणार होते,” ती म्हणाली. “पण तू आधीच चिडलेली होतीस.”