कबुली देणाऱ्याचा हात

पूर्वी सोमकच्छ नगरीवर राजा अंगधराचा अंमल असताना बोधिसत्त्व तेथील बांधकऱ्यांच्या कुळात जन्मला होता. नगराच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता आणि त्याचा मातीचा बांध राखणाऱ्यांची एक श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, होती. बोधिसत्त्वाचे नाव खेमक. वय वाढले तसा तो त्या श्रेणीचा आचार्य झाला.

खेमक शिष्यांकडून बांधाचे नियम पाठ करून घेई आणि मग त्यांना अनवाणी बांधावर नेई. नियम जिभेवर राहतात, पण ओल तळव्यालाच कळते, असे तो म्हणे. त्याने आणखी एक रीत घातली होती. ज्याच्या हातून चूक होईल त्याने ती आपण होऊन सभेत सांगावी. त्याला कोणी रागावत नसे. आचार्य त्याला आपल्या शेजारी बसवून घेई, आणि अशी चूक झाली तरी कशी, याचा सगळे मिळून विचार करीत.

एका वर्षी चिकणमाती कमी पडली. तिंदुक नावाच्या बांधकऱ्याने आपल्या वाट्याचा भाग पावसाआधी उरकावा म्हणून मातीत नदीची वाळू मिसळली. भर पावसाळ्यात तो भाग खचला, खालची शेते बुडाली आणि राजाचा गोठा गुरांसकट वाहून गेला. दोष कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिंदुक स्वतः सभेत उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले.

भद्रसाल तेव्हा श्रेणीचा प्रमुख होता. तो खेमकाचाच जुना शिष्य, आणि माणूस वाईट नव्हता. पण राजा संतापला होता, श्रेणीचा मान जायची वेळ आली होती. त्याने तिंदुकाला राजाच्या हवाली केले. ज्या हाताने वाळू लिंपली तो हात तोडावा, अशी आज्ञा झाली.

खेमक दरबारात गेला. हात जोडून म्हणाला, "महाराज, याला कोणी पकडलेले नाही. मी शिकवले म्हणून हा बोलला. बोलण्याला दंड असेल, तर आधी माझा हात घ्या."

राजाला म्हाताऱ्या आचार्याचा हात नको होता. भद्रसालाने खेमकाला बाजूला नेऊन विनवले. श्रेणीनेच तपास करून दोषी शोधला, एवढे आचार्यांनी म्हणावे. श्रेणीची अब्रू राहील आणि राजगुरूचे आसन आचार्यांकडे चालत येईल. खेमकाने मान हलवून नकार दिला.

हात बांधावरच तोडला गेला, सगळ्या बांधकऱ्यांसमोर. कोणी हूं की चूं केले नाही. खेमकाने आपले उत्तरीय फाडून जखम बांधली आणि तिंदुकाला स्वतःच्या घरी नेले. खेमकाचे आचार्यपद त्याच दिवशी काढून घेण्यात आले.

मग श्रेणीने बांधाजवळ एक देखणी शाळा उभारली. सगळे नियम शिळेवर कोरले. शिष्य ते उलटसुलट म्हणून दाखवू लागले, परीक्षा होऊ लागल्या, राजा पाहायला येई आणि प्रसन्न होऊन जाई. सभेत मात्र चुकीबद्दल शब्द निघेनासा झाला. यंदा एकही चूक नाही, असे भद्रसाल अभिमानाने सांगे, आणि त्याला ते खरेच वाटे.

खेमक रोज एकटा बांधावरून चाले. एका सकाळी करंजाच्या झाडाखाली त्याच्या तळव्याला गारवा लागला. त्याने तिथल्या बांधकऱ्यांना एकेकाला गाठून विचारले. प्रत्येकाने खाली पाहिले. तेव्हा त्याला कळले, की ही ओल सगळ्यांना ठाऊक आहे.

तो भद्रसालाकडे गेला. भद्रसालाने लगेच सभा बोलावली आणि कोणाला पाझर दिसला का, असे मनापासून विचारले. सगळे म्हणाले, बांध उत्तम आहे. त्यांतल्या कित्येकांना खेमकाने बांधावर अनवाणी चालायला शिकवले होते. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग तो आणि तिंदुक टोपल्यांनी माती वाहू लागले. दोन माणसे, त्यांत हात तीनच. लोक दुरून पाहत आणि निघून जात.

बांध भर दुपारी फुटला. खालची वस्ती बुडाली. माणसे वाहून गेली, गुरे गेली. माती टाकता टाकता तिंदुकही गेला.

पाणी ओसरल्यावर भद्रसाल खेमकासमोर येऊन चिखलातच बसला. त्याचा मुलगा सापडत नव्हता.

"आचार्य, सगळ्यांना ठाऊक होते. मग मला कोणीच कसे सांगितले नाही?"

खेमक म्हणाला, "भद्रसाला, एकाने सांगितले होते. त्याचे काय झाले ते तू सगळ्यांना दाखवलेस. ते गुणी शिष्य आहेत रे. एकदाच शिकवलेस, आणि ते कोणीच विसरले नाही."

भद्रसाल रडला. खेमकाला वाटले, आता तरी याला उमगेल. पण राजाची माणसे आली आणि दोषी कोण म्हणून विचारू लागली. भद्रसाल उठला, त्याने डोळे पुसले, आणि करंजाखालच्या बांधकऱ्यांकडे बोट केले.

बांध पुन्हा उभा राहिला. शिळेवर एक नियम वाढला. खेमकाच्या घरी हात तुटलेली माणसे राहू लागली. तो त्यांना भरवी, त्यांच्याशी बोले आणि मरेपर्यंत रोज बांधावरून चाले. त्याला काय दिसले, हे त्याला कोणी विचारले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, भिक्षूंना सांगितली. त्या दिवशी विहारात एका भिक्षूने आपली चूक स्वतःहून सांगितली होती, आणि एका ज्येष्ठाने त्याला संघाबाहेर काढावे असे म्हटले होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो ज्येष्ठ तेव्हा भद्रसाल होता. चूक सांगणारा हा भिक्षू तिंदुक होता. गप्प उभे राहिलेले बांधकरी तुम्ही सगळे होता, आणि खेमक मी. खरे बोलणाऱ्याला निर्भय करणे, हे अभयदान. ते मी त्या जन्मी दिले. पण मी एकटाच देत होतो, आणि ते पुरले नाही."

मग शास्ते बाजूला सरकले आणि त्यांनी त्या भिक्षूसाठी आपल्या शेजारी जागा केली.