आजोबांची उंच भट्टी

बाजारपेठेच्या एका गावात एक हलवाई होता. त्याचे पेढे पंचक्रोशीत नावाजलेले. दुकानातली भट्टी त्याच्या आजोबांनी स्वतःच्या मापाने बांधलेली, आणि आजोबा होते ताडमाड उंच.

भट्टीवर दूध आटवायला एक ठेंगणी बाई होती. तिच्या हातचा खवा कधी बिघडत नसे. पण कढई तिच्या छातीशी येई, त्यामुळे दिवसभर खांदे उचलूनच ती उलथनं फिरवत राही.

एकदा ती म्हणाली, "मालक, भट्टी मला उंच पडते. संध्याकाळी खांदा भरून येतो, बोटांना मुंग्या येतात. जरा खाली करून घ्या ना."

"आजोबांची भट्टी आहे ती. तिला हात लावायचा नाही."

"मग पायाखाली एखादा पाट तरी घेऊ द्या."

हलवाई हसला. "पाटावर नवरानवरी उभी राहतात. तुझं काय लग्न आहे? आणि हलवायाच्या दुकानात मुंग्या यायच्याच."

दुकानातले सगळे हसले. बाईही कसनुसं हसली आणि कामाला लागली. हलवाई दुष्ट नव्हता, दर दिवाळीला तिला लुगडं घ्यायचा. पण आजोबांचा मोठेपणा त्या विटांमध्ये आहे अशी त्याची समजूत. चांगली माणसंही कधीकधी अशी ढ असतात.

जत्रेच्या आदल्या दिवशी कढई काठोकाठ भरली होती. दूध दाटत आलं आणि बाईच्या हातातून उलथनं गळून पडलं. हात काही केल्या वर जाईना. तोवर खवा तळाला लागला आणि जळका वास पेठभर पसरला.

हलवाई रागाने धावत आला. पाहतो तर एवढी सोशीक बाई हात पोटाशी धरून रडत होती. त्याने तिला बाजूला बसवलं. दुसरी कढई चढवून तो स्वतःच ढवळायला उभा राहिला. उंचीत तोही आजोबांवर गेला नव्हता. थोड्याच वेळात त्याचा खांदा ठणकू लागला.

"हे तू रोज सोसत होतीस?"

"सांगितलं होतं, मालक," बाई म्हणाली.

जत्रा उरकताच गवंडी आला. एका दिवसात भट्टी खाली आली. ढवळायला आणखी एक बाई ठेवली आणि दोघी आळीपाळीने विसावा घेऊ लागल्या. वैद्याच्या लेपाने पहिलीची कळ थांबली, पण तिचा हात खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही. तिची वेणी आता तिची सून घालून देते.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: विटा पुन्हा रचता येतात, खांदा नाही. काम करणारा पहिल्यांदा दुखतंय म्हणतो, भट्टी तेव्हाच खाली करावी.