दुसरी करवंटी

खारवेळच्या खाडीकाठी एक माड पाण्याकडे वाकून उभा आहे. त्याच्या खोडावर चढण्यासाठी पाडलेल्या जुन्या खाचा दिसतात, पण त्या आता बुजत आल्या आहेत, कारण त्या माडावर कुणी चढत नाही. नारळ पिकले की आपले आपण खाडीत पडतात आणि ओहोटीबरोबर निघून जातात. गावातलं कुणी त्यांना हात लावत नाही. माडाशेजारी माडी विकायचं एक छप्पर आहे आणि पुढ्यात जांभ्या दगडाची बैठक. हल्ली पुण्या-कोल्हापूरकडची माणसं गाड्या घेऊन येतात, वाकड्या माडाचे फोटो काढतात आणि बैठकीवर बसून माडी मागतात. माडी येते, पण लगेच पिता येत नाही. छपराचे मालक आबा मालंडकर आडवा हात धरतात आणि मान वर करून माडांच्या शेंड्यांकडे बघत राहतात. पाहुणे चुळबुळ करू लागतात. मग आबांना ही हकीकत सांगावी लागते. ते काही फार हौसेने सांगतात असं नाही, पण एकदा सुरू झाले की मधे कुणी तोंड घातलेलं त्यांना खपत नाही.

गोष्ट फार मागची, गलबतं शिडांवर चालायची तेव्हाची. त्या काळी या किनाऱ्यावर गुणाजी कुबल नावाचा एक तांडेल होता. गलबत हाकणारा, वाऱ्याचा वास घेऊन हवा सांगणारा माणूस. पुढे त्याने दर्या सोडला, पण त्याच्या पायांना काही ते पटलं नाही. घरात त्याचं बूड टेकत नसे. डोक्याला मुंडासं गुंडाळायचं, कनवटीला सुपारी लावायची आणि निघायचं, बंदरामागून बंदर, वाडीमागून वाडी. जाईल तिथे तो एकच गोष्ट विचारी: इथे माडी कुणाकडे मिळते?

माडी म्हणजे माडाच्या न उमललेल्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, ठिबकणारा रस. भंडारी लोक पोय बांधतात, हलक्या हाताने ठोकतात, तिचं टोक कोयतीने तासतात आणि खाली आतून चुना फासलेलं मडकं अडकवतात. सकाळी उतरवलेली माडी गोड, उन्हं चढली की चुणचुणीत, संध्याकाळी आंबट. पिणारे पुष्कळ होते आणि पिऊन पडणारेही पुष्कळ होते. गुणाजी या दोन्हींतला नव्हता. तो एक करवंटी घेई, निम्मी तोंडात घोळवी, डोळे मिटी, आणि मग बोले. तो बोलला की ते किनाऱ्यावर पसरायला वेळ लागत नसे.

एका ठिकाणी तो म्हणाला, "ह्येच्यात पाणी नाय, पण मडक्याक ऊन लागाक नाय." दुसऱ्या ठिकाणी म्हणाला, "चुनो जास्ती झालो." एका बंदरावर माडी उत्तम होती, पण छपराला लागूनच सुक्या बांगड्यांची रास होती, तिथे तो उभ्याउभ्याच प्यायला आणि म्हणाला, की इथे नाक घरी ठेवून यावं. एके ठिकाणी माडीही चांगली, जागाही सारवलेली, पण मालक इतका बडबड्या की घोट घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या तीन मेहुण्यांच्या कागाळ्या ऐकून झाल्या. एके ठिकाणी करवंट्या इतक्या घासूनपुसून लख्ख ठेवल्या होत्या की गुणाजीचा चेहरा उजळला, आणि पहिल्या घोटालाच पडला, कारण माडी कालची होती. त्याने नाक मुरडलं की त्या छपरावरची गर्दी आठवडाभरात पातळ होई. माडी विकणारे त्याला लांबून येताना बघून बायकोला हाक मारत, करवंट्या पुन्हा विसळायला लावत आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत.

त्याचा एक नवस होता असं सांगतात. वेतोबाच्या देवळात त्याने म्हणे बोलून ठेवलं होतं, की मी कुठेही एकच करवंटी पिईन; ज्या छपराखाली दुसरी मागावीशी वाटेल, त्या गावचं पाणी मरेपर्यंत सोडणार नाही. लोक याला त्याची ऐट समजत. तशी ती थोडी होतीही. पण खरं सांगायचं तर तो दमला होता. आपण नेमकं काय शोधतोय हे त्यालाही सांगता येत नव्हतं. रोज नवी पायवाट, रोज नवी करवंटी, आणि रोज तीच निराशा. कुठेतरी थांबता यावं म्हणून तो चालत होता.

असाच तो एका उन्हाळ्यात खारवेळला आला. इथे तेव्हा रवळू मालंडकर नावाचा भंडारी होता, आबांच्याच घराण्यातला. अंगाने काटक, बोलायला कमी, हसायला पटकन तयार. त्याची बायको आवडी छपरात माडी ओतत असे. रवळूचे माड बरेच होते, पण त्या दिवशी आवडीने ओतली ती वाकड्या माडाची माडी.

गुणाजीने घोट घेतला. डोळे मिटले. बैठकीवरची माणसं त्याच्याकडे बघू लागली, कारण त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचली होती. त्याने करवंटी रिकामी केली, बराच वेळ खाडीकडे बघत राहिला, आणि मग हात पुढे करून म्हणाला, "आणखी एक दी."

त्या तीन शब्दांनी खारवेळचं नशीब पालटलं. गुणाजीने खाडीकाठीच एक खोपटं बांधलं. बातमी किनारभर गेली. लांबलांबची माणसं होड्या करून येऊ लागली, आणि सगळ्यांना हवी ती वाकड्या माडाचीच माडी. रवळूचे बाकीचे माड जणू कुणाला दिसेनासेच झाले. हळूहळू एक रीतच पडली. रवळू वर चढे, भरलेलं मडकं दोरीने खाली सोडी, कारण त्या वाकलेल्या खोडावरून मडकं घेऊन उतरणं कठीण. आवडी पहिली करवंटी भरून गुणाजीला देई. तो पिई आणि आज कशी आहे ते सांगे. त्याने सांगितल्याशिवाय दुसरं कुणी ओठ लावत नसे. सगळ्या बैठकीचे डोळे त्याच्या तोंडाकडे असत.

आता हा माणूस सुखात असायला हवा होता. पण तसं काही झालं नाही. पूर्वी तो चांगली माडी मिळत नाही म्हणून तळमळायचा. आता मिळालेली हातची जाईल म्हणून तळमळू लागला. सकाळपासून तो खोपट्यातून बाहेर, बाहेरून आत अशा फेऱ्या घाली. कालच्या माडीत एक मऊपणा होता, तो आज आहे का? वारा फिरला, त्याने काही बिघडलं का? तो रवळूला विचारून विचारून हैराण करी. रवळू हसून म्हणे, "माड तो माड, तांडेलानु. तेचीय मर्जी असता." गुणाजीला हे उत्तर आवडत नसे. मर्जी माणसाची असावी, माडाची कशाला?

मग पावसाळा आला. वाकडा माड पाण्याच्या अंगाला असल्यामुळे त्याच्या खोडावर शेवाळ धरे, आणि शेवाळ धरलं की रवळू त्याला हात लावत नसे. बापाच्या वेळेपासूनची ही शिस्त होती. नारळी पौर्णिमा व्हायची, ऊन पडायचं, खोड सुकायचं, आणि मगच त्या माडावर पाय. तोवर दुसऱ्या माडांची माडी सगळ्यांनी आनंदाने प्यायची.

गुणाजीने ती तोंडात घेतली आणि थुंकली. असं त्याने आवडीसमोर केलं, हे खारवेळ अजून विसरलेलं नाही.

दिवस जाऊ लागले तसे त्याचे पाय पुन्हा शिवशिवू लागले. तो उगाच होड्यांजवळ जाऊन उभा राही, कुठली होडी कुठे निघाली विचारी. गावात कुजबूज सुरू झाली, की नवस असो नसो, तांडेल आता टिकत नाही. तांडेल गेला की लांबून येणारे जातील, आणि खारवेळ पुन्हा होतं तसं आडबाजूचं गाव होईल. गावातले चार शहाणे रवळूकडे जाऊन आडून आडून बोलून आले. रवळूने ऐकून घेतलं. त्याला त्यांचं फारसं काही वाटलं नाही. पण गुणाजी जाईल याचं वाटलं. आपल्या हातची माडी एखाद्या माणसाने डोळे मिटून प्यावी, हे सुख त्याला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

पौर्णिमा अजून लांब होती. एका दुपारी जरा उघडीप पडली, सूर्य दिसला. गुणाजी कापडाचं गाठोडं काखेत घेऊनच छपरात आला आणि म्हणाला, "आज चढलंस नाय तर मी उद्या जातलंय."

"आजून शेवाळ सुकाक नाय," रवळू म्हणाला. "माडाक इसावो होयो."

"मग ऱ्हवांदे," गुणाजी म्हणाला. त्याने गाठोडं खाली ठेवलं नाही.

रवळू त्या गाठोड्याकडे बघत राहिला. मग त्याने कोयती कमरेला खोचली. आवडी दारात येऊन उभी राहिली. बातमी वाऱ्यासारखी गेली आणि घटकेत बैठक माणसांनी भरली. रवळूने पोय बांधून, ठोकून, तासून मडकं अडकवलं आणि तो खाली आला. त्या वेळी तो धडधाकट खाली आला, हे आबा मुद्दाम सांगतात. मधे दोन दिवस पोयीतून रस ठिबकायलाच गेले. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना तो मडकं उतरवायला पुन्हा चढला. सकाळी एक सर येऊन गेली होती.

दोरीवरून मडकं खाली आलं. आवडी हात वर करून ते झेलायला पुढे झाली, तिने ते सोडवलं आणि रीतीप्रमाणे पहिली करवंटी भरून गुणाजीला दिली. गुणाजी माडाकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून बसला होता. त्याला चव घेताना पाणी बघायला आवडे. त्याने घोट घेतला, डोळे मिटले. सगळी बैठक त्याच्या तोंडाकडे बघत होती. आवडीसुद्धा बघत होती.

तो बोलू लागला. इतकं तो कधीच बोलला नव्हता, म्हणे. पावसाच्या ओलीने माडीला जो थंडावा आला होता त्याबद्दल बोलला, पहिल्या घोटातल्या गोडीबद्दल आणि मागाहून येणाऱ्या हलक्या तुरटपणाबद्दल बोलला. लहानपणी आईने दिलेल्या कसल्याशा घोटाची त्याला आठवण झाली, आणि आपण इतकी वर्षं काय शोधत होतो ते आता सापडलं, असं तो म्हणाला. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या पाठीमागे काही पडल्याचा आवाज झाला. एकदोघांनी ऐकला. झावळी पडली असेल असं त्यांना वाटलं, कारण झावळ्या पडतच असतात.

तो बोलायचा थांबला तेव्हा त्याने हात पुढे केला आणि दुसरी करवंटी मागितली. आवडी ती भरायला वळली, आणि वळल्यावर तिला दिसलं.

रवळू माडाच्या मुळाशी चिखलात होता. जीव गेलेला होता. मघा पाणी होतं तिथे, त्याच्या पायांजवळ, ओहोटीने चिखल उघडा पडला होता, म्हणजे तो पडल्याला वेळ झाला होता. लगेच कुणी धावलं असतं तर तो वाचला असता की नाही, हे आजवर कुणी ठरवू शकलेलं नाही. खारवेळने ते ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

आवडी रडली नाही. ती गुणाजीपुढे येऊन उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "तो वर असताना तुमी खंय बघीत होतात?"

 गुणाजीच्या हातात पहिली करवंटी तशीच होती, तळाला थोडी माडी शिल्लक. ती त्याने रवळूच्या पायांशी ओतली. असं सांगतात, की त्याच क्षणी त्याच्या जिभेची चव गेली. मीठ, गूळ, चिंच, काही कळेना. आणि त्या दिवसापासून वाकड्या माडाने रस दिला नाही. रवळूच्या भावाने पुढच्या वर्षी पोय तासली, दिवसेंदिवस मडकं अडकवून ठेवलं, पण आत थेंब नाही.

लोकांना वाटलं, आता तांडेल निघून जाईल. गाठोडं तर बांधलेलंच होतं. त्याला जावंसंही वाटलं असेल, कारण ज्या गावात प्रत्येक डोळा आपल्याला ओळखतो तिथे राहणं सोपं नसतं. पण वेतोबासमोर बोललेलं होतं, की दुसरी करवंटी मागितली त्या गावचं पाणी सोडणार नाही. आता ती बोली फेडायची वेळ आली होती. तो राहिला.

त्याने काम एकच केलं. गावात कुणीही माडावर चढला की तो खाली येऊन उभा राही, मान वर करून. पावसात, उन्हात, मानेला कळ लागेपर्यंत. मडकं खाली आलं तरी तो त्याकडे बघत नसे. चढलेल्याचे पाय जमिनीला लागले की विचारी, "उतारलंस?" समोरचा "उतारलंय" म्हणाला की मगच मान खाली करी. पहिल्यांदा लोक चिडले. मग त्यांना सवय झाली. मग चढलेला उतरेपर्यंत ते स्वतःच करवंटीला हात न लावता थांबू लागले. आवडीने पहिली करवंटी भरून उतरलेल्याच्या हातात द्यायला सुरुवात केली, आणि पुष्कळ वर्षांनी, एका संध्याकाळी, दुसरी भरून गुणाजीपुढे धरली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि प्यायला. कशी आहे, असं कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याचे जातो जातो म्हणणारे पाय पुन्हा शिवशिवले नाहीत. तो याच काठावर म्हातारा होऊन गेला.

आजही खारवेळात पहिली करवंटी चढलेल्याची असते. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या वाट्याला येते ती दुसरी. माडी कशी आहे हे इथे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

हकीकत संपते. कुणीतरी वाकड्या माडाकडे बघतं, कुणी मोबाइल खिशात ठेवतं. मग कुणाचा तरी हात सवयीने करवंटीकडे जातो, कारण ऊन असतं आणि तहान लागलेली असते. आबांची नजर पलीकडच्या माडाच्या शेंड्यावरून हललेली नसते.

"थांबा," ते म्हणतात. "तो अजून वर आसा."