पोकळ आंब्याचं पीक

मंडळी, बागेबद्दल भरवसा कुणाच्या शब्दावर ठेवावा? सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या, की तिथलं गवत कापणाऱ्याच्या? आंबे खरेदी करायला मी आबा खोतांच्या आमराईत गेलो, तेव्हा मला हे उमगलं.

आमराई जुनी, रायवळ झाडांची. खाली गुडघाभर गवत, त्यात लावा पक्ष्यांची घरटी. मधल्या पोकळ आंब्याच्या ढोलीत घुबडांची जोडी. राखण करायची, गवत कापायची ती भागीरथी, आणि त्या झाडावर तिचा भारी जीव.

त्या दिवशी खोत कुऱ्हाडवाले घेऊनच आले. "तीन वर्षांत एक आंबा नाही, वर घुबडाचा अपशकुन. तोडा रे!"

"पीक येतंय की त्याला, आबा," भागीरथी म्हणाली.

"असं? मग सूपभर दाखव. दाखवलंस तर झाड राहील."

ती झाडाखाली गेली आणि सूप भरून घेऊन आली. सुपात घुबडांनी ओकलेल्या केसाळ, काळपट गोळ्या होत्या. तिनं एक फोडली. आत उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या.

"शेजारचं भात तुमचंच ना, आबा? हे सगळे तिथलेच जेवणारे."

खोत चपापले, पण हार मानतील तर खोत कसले! "अगं, पण ते रात्रभर ओरडतं, त्याचं काय?"

"राखणदार ओरडणारच, आबा. गप्प झोपला असता, तर तुम्हीच त्याला कामावरून काढला असता."

आधी कुऱ्हाडवाले हसले, मग खोतही. झाड अजून उभं आहे, आणि त्याच्याच सावलीत आमचा भाव ठरतो. तेव्हा मंडळी, झाडाचा हिशेब मांडाल, तेव्हा ढोलीतली जमाही प्रामाणिकपणे लिहा.