मागच्या सीटवर

“मग आता राहिलं काय?” उस्तादांनी विचारलं.

“पंप,” सिद्राम म्हणाला. “पंपच गेलाय. दुसरं काही राहिलंच नाही.”

“बघितलास?”

“बघायचं काय त्यात? चावी फिरवली की मागं पंपाचा बारीक आवाज येतो. तो येत नाही. सेल्फ मारतोय, स्पार्क आहे, नुसतं पेट्रोल पुढं येत नाही. फ्यूज बदलला, रिले बदलला. पंपच जळलाय.”

बोलता बोलता त्याचा आवाज चढला. हातातला पाना त्यानं आणखी घट्ट धरला.

मागच्या सीटवर त्याचे वडील आडवे होते. अप्पा. सकाळची न्याहारी करतानाच त्यांच्या छातीत कळ आली होती. सदरा घामानं अंगाला चिकटला होता, ओठ करडे पडले होते. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन सिद्रामची बायको, महादेवी, पदरानं वारा घालत होती.

रुग्णवाहिकेला फोन झाला होता. ती तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली होती. निघते म्हणाले होते... अजून पत्ता नव्हता.

घर फाट्यावर होतं आणि घराला लागून गॅरेज. गॅरेजात चार गाड्या उभ्या होत्या, पण कुणाचं इंजिन खाली उतरवलेलं, कुणाची चाकं काढलेली. आजूबाजूच्या तीन तालुक्यांतले लोक आवाज ऐकवायला गाडी घेऊन सिद्रामकडे यायचे. गाडी दारात थांबायच्या आधीच तो दुखणं सांगायचा. आणि आज बाप गाडीत तळमळत होता, आणि त्याची स्वतःची गाडी मुकी झाली होती.

महताब उस्तादांना त्यानं बोलावलं नव्हतं. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला, ते रस्त्यापलीकडेच राहत होते. पण गेल्या कित्येक वर्षांत त्यानं त्यांना काही विचारलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. मोतीबिंदूनं उस्तादांची नजर अधू झाली होती. गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारतेय आणि पकडत नाही, एवढं ऐकून ते काठी टेकत आपणहून आले होते.

आल्या आल्या त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. मागचं दार उघडून ते उंबऱ्यासारख्या त्या कडेवर टेकले आणि अप्पांचं मनगट हातात घेतलं.

“कसं वाटतंय, कलप्पा?”

अप्पांनी नुसती मान हलवली.

“पंप कुठं असतो या गाडीत?” उस्तादांनी विचारलं. जणू त्यांना माहीतच नव्हतं.

“मागच्या सीटखाली.”

“हं.”

“सीट उचलावी लागेल,” सिद्राम म्हणाला. “अप्पांना खाली घ्यायला पाहिजे. शेडमध्ये दुसऱ्या गाडीचा पंप आहे, तो बसवतो. पटकन होईल.”

“पटकन?”

पटकन होणार नव्हतं, हे सिद्रामलाही ठाऊक होतं. टाकीचं झाकण गंजलेलं असणार. पंप तरी नेमका त्याच मापाचा असेल कशावरून... पण हात थांबवून उभं राहणं त्याच्यानं होत नव्हतं. थांबलं की अप्पांचा श्वास ऐकू यायचा.

“महादेवी, पाय धर त्यांचे. उतरवू या.”

महादेवीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

“धर म्हणतोय ना!” तो ओरडला.

ती पुढं वाकली. पण दारात उस्ताद बसले होते, आणि ते हलले नाहीत.

“उस्ताद, सरका.”

“पाना दे.”

“काय?”

“तुझ्या हातातला पाना. दे इकडं.”

“उस्ताद, ही वेळ आहे का...”

उस्तादांनी एक हात अप्पांच्या मनगटावर तसाच ठेवला आणि दुसरा पुढं केला. लहानपणी चुकीचा नट आवळला की हाच हात असा पुढं यायचा, आणि निमूटपणे हत्यार द्यावं लागायचं. सिद्रामनं पाना दिला.

“दुसऱ्या हातात काय आहे?”

स्क्रूड्रायव्हर होता. तोही दिला.

“खिशात?”

“टेस्टर.”

“तो पण.”

सगळं उस्तादांनी आपल्या बाजूला मातीत ठेवलं. अप्पा कण्हले. रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. सिद्रामला वाटलं, धावत जाऊन तो ट्रॅक्टरच अडवावा, अप्पांना उचलून त्यावर टाकावं. पण खड्ड्यांनी भरलेल्या त्या रस्त्यावर, एवढ्या हादऱ्यांत, अप्पा हॉस्पिटलपर्यंत पोचले नसते.

“आता?” तो म्हणाला.

“आता विचार.”

“काय विचारू? गाडीचं सगळं विचारून झालंय. सगळं तपासलंय मी.”

“गाडीला विचारलंस.”

“मग आणखी कुणाला विचारायचं?”

सिद्रामची नजर अप्पांवरून फिरली आणि महादेवीवर येऊन थांबली. ती खाली बघत होती. वारा घालणारा पदर थांबला होता.

“हिला?” तो म्हणाला. “हिला गाडीतलं काय कळतंय?”

“बरं,” उस्ताद म्हणाले. “तुला कळतंय ना? कर चालू.”

ऊन पत्र्यावर तापत होतं. इंजिनाच्या बाजूनं पेट्रोलचा नव्हे, नुसता गरम लोखंडाचा वास येत होता. सिद्रामला एकदम आठवलं... अप्पांना उचलायला तो घरात धावला, तेव्हा गाडी शेडमधून बाहेर काढली होती महादेवीनं. तो अप्पांना घेऊन बाहेर आला तेव्हा गाडी दारात उभी होती, पण बंद. त्यानं चावी फिरवली. सुरू होईना. आणि तो पहिल्यांदा जे ओरडला, ते हेच, “काय करून ठेवलंस गाडीचं?”

“काही नाही, फक्त बाहेर काढली,” ती म्हणाली होती.

“मग बस गप्प.”

ती गप्प बसली होती. त्यानंतर दोनदा ती काहीतरी बोलायला गेली होती, हे त्यानं पाहिलं होतं. आत्ता आठवलं तर लख्ख आठवत होतं. पण तेव्हा ऐकायला त्याला सवड नव्हती.

तो दाराशी उकिडवा बसला. तिच्याशी शेवटचं खालच्या आवाजात कधी बोललो, ते आठवेना.

“महादेवी...”

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आधी हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते.

“काय झालं होतं गं?”

“मागं घेताना,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “मागं घेताना हौदाला लागली. घाई झाली होती हो. जोरात लागली. तिथंच बंद पडली, मग मी आणि शेजारच्या सुभद्राबाईनं ढकलून दारात आणली. मी तुम्हाला सांगणार होते...”

पुढचं त्यानं ऐकलं नाही. तो उठला आणि गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या दाराकडे धावला. त्या गाडीत डॅशबोर्डच्या खाली, पायाजवळ, एका कोपऱ्यात एक बटण असतं. गाडीला मोठा धक्का बसला की ते आपोआप उडतं आणि पंपाचा करंट तोडतं. अपघात झाला तर पेट्रोल वाहून आग लागू नये म्हणून ठेवलेलं. त्याला ते चांगलं माहीत होतं. कितीतरी जणांच्या गाड्यांत त्यानं ते दाबून दिलं होतं. पण ते धक्क्याशिवाय उडत नाही, आणि त्याच्या गाडीला धक्का बसलाच नव्हता... त्याला तसं वाटत होतं.

बोटाला बटण लागलं. वर आलेलं होतं. त्यानं ते दाबलं. टक्.

चावी फिरवली. मागच्या सीटखालून तो बारीक आवाज आला. सेल्फ मारला, आणि गाडी पहिल्याच झटक्यात पकडली.

स्टिअरिंगवर डोकं टेकवावं असं सिद्रामला वाटलं. पण उस्ताद दारातून उठत होते.

“सावकाश जा,” ते म्हणाले. “आणि थांबू नको.”

मागचं दार लागलं. गाडी फाट्यावरून डांबरी सडकेला लागली.

खड्डा आला की महादेवी अप्पांचं डोकं दोन्ही हातांनी धरायची. सिद्राम आरशातून पाहायचा आणि लगेच नजर रस्त्यावर आणायचा. अप्पांचे ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. मधेच ते पुटपुटले, “पोचलो का?”

“पोचतोय, अप्पा.”

“पोचतोय, मामंजी,” महादेवीही म्हणाली.

साखर कारखान्याचं वळण गेल्यावर सिद्राम म्हणाला, “आधी का नाही बोललीस?”

तिनं पदरानं अप्पांच्या कपाळावरचा घाम पुसला.

“तुम्ही ओरडाल,” ती म्हणाली, “मामंजींच्या देखत... अशा वेळी. मला वाटलं, ते ऐकूनच त्यांचा जीव जाईल.”

सिद्रामनं गिअर बदलला.

हॉस्पिटलात अप्पांना लगेच आत घेतलं. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर ती दोघं बसून राहिली, मधे एका माणसाची जागा सोडून. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. “वेळेत आणलंत,” ते म्हणाले, “आणखी उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं.” सिद्राम रडला. आजवर कुणीही त्याला रडताना पाहिलेलं नव्हतं. महादेवी मधल्या रिकाम्या जागेवर सरकून बसली.

अप्पा घरी आले. वाळून निम्मे झाले होते, पण भाकरी मागायला लागले. मग एका संध्याकाळी सिद्राम रस्ता ओलांडून उस्तादांच्या ओसरीवर गेला. पायाला हात लावला, बसला. चहा आला. त्यानं तो घेतला नाही.

“उस्ताद, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्हाला आधीच कळलं होतं? गाडीला धक्का बसलाय हे?”

“डोळ्यांनी मला समोरचं माणूस नीट दिसत नाही,” उस्ताद म्हणाले. “धक्का कुठून दिसणार?”

“पण तिच्या मनात काहीतरी आहे, हे कळलं होतं.”

“ती श्वास रोखून बसली होती. कलप्पाचा मोजताना तिचा ऐकूच येत नव्हता.”

सिद्रामचा चेहरा तापला. इतके दिवस मनात धरून ठेवलेलं बाहेर आलं.

“मग तुम्हीच का नाही विचारलंत तिला? माझा बाप मरत होता, उस्ताद! तुमचा हात त्यांच्या नाडीवर होता. एकेक क्षण जात होता, आणि तुम्ही माझ्याकडून पाना काढून घेत बसलात, टेस्टर काढून घेत बसलात... तुम्ही एका शब्दानं विचारलं असतं तर तिनं तुम्हाला लगेच सांगितलं असतं!”

उस्तादांनी कपातला चहा बशीत ओतला. थोडा जमिनीवर सांडला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

“नाडी माझ्या हातात होती, म्हणून तर तेवढं थांबलो. ती बुडायला लागली असती तर मीच विचारलं असतं,” ते म्हणाले. “माझं पण काळीज तोंडात आलं होतं, पोरा...”

“मग?”

उस्तादांनी रस्त्यापलीकडे मान वळवली. तिकडे गॅरेजच्या दारात दिवा लागत होता.

“मला तिनं लगेच सांगितलं असतं,” ते म्हणाले. “मग नुसती गाडीच चालू झाली असती.”