कवडीने निवडलेल्या गाई

बायांनो, हातात अक्षता घ्या आणि ऐका. एका राजाच्या गोठ्यात चाळीस गाई होत्या. राजवैद्यांनी त्यांतल्या दहा निवडल्या आणि पेंडीऐवजी आपलं चूर्ण चारलं. त्या दहा गाई बाकीच्यांच्या दुप्पट दूध देऊ लागल्या. राजा खूश होऊन म्हणाला, "उद्यापासून पेंड बंद. सगळ्यांना चूर्णच."

गोठा सांभाळणाऱ्या येसूने ते ऐकलं. पेंड तुटली तर गाई खंगतील. ती हात जोडून म्हणाली, "महाराज, वैद्यबुवांच्या दहाही गाई नुकत्याच व्यालेल्या आहेत. त्या दूध देणारच. पुन्हा करून बघू या. दर गाईसाठी कवडी टाकायची. उताणी पडली तर चूर्ण, पालथी पडली तर पेंड."

वैद्य हसले. "अगं येसू, तीस वर्षं गाई बघतोय मी. माझ्यापेक्षा कवडीला जास्त कळतं होय?"

"नाही हो वैद्यबुवा, तिला काहीच कळत नाही. म्हणून तर ती दुधाळ गाय हेरून काढणार नाही."

राजाने हुकूम थांबवला आणि पहिली कवडी स्वतः टाकली. महिन्याने पाहिलं, तर पेंडवाल्या गाईंचंच दूध जास्त भरलं.

देवा, खरं काय ते बघायची अशी हौस आम्हा सगळ्यांना दे.