सांतानबायचं पातेलं

“मग काय नियम मोडायचा होता, मदर?”

सिस्टर फ्लोरिनाचा आवाज मठात चालतो त्याहून जरा चढलाच होता. मदर आग्नेता भिंतीतल्या फिरत्या कपाटाकडे बघत राहिल्या...

कार्मेल पंथाच्या या ख्रिस्ती मठातल्या बहिणी जगाला तोंड दाखवत नाहीत. कोणी तांदूळ, भाजी, केळी आणली की बाहेरून लाकडी कपाटात ठेवायची, आतलीनं कपाट फिरवून घ्यायची. देणारीला घेणारी दिसत नाही, घेणारीला देणारी दिसत नाही.

आणि मांस तर या मठात शिजतच नाही.

त्या सकाळी कपाटात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं आलं. सांतानबायचं. तिची सून बाळंतपणात अडली होती, मठानं प्रार्थना धरली, मायलेकी सुखरूप सुटल्या. म्हातारीनं अंड्यावरची कोंबडी कापली आणि पातेलं डोक्यावर घेऊन चालत आली. मठात काय चालतं नि काय नाही, हे तिला कोण सांगणार?

फ्लोरिनानं सांगितलं. आम्ही मांस खात नाही म्हणाली, आणि कपाट उलटं फिरवून दिलं.

फ्लोरिना एम.ए. झालेली. या पंथाची घडी बसवणाऱ्या संत तेरेजाचं चरित्र वाचून घर सोडून आलेली. पुढल्या महिन्यात तिची संन्यासाची व्रतं व्हायची होती. मदरच्या होकारावर सगळं अडलं होतं. पण मागे हटेल तर ती फ्लोरिना कसली. तिनं मदरलाच चरित्रं ऐकवली. तेरेजा तापानं फणफणत गाडीतून गावोगाव फिरली ती कशासाठी? ढिला पडलेला नियम घट्ट करायलाच ना? तिच्या साथीला उभ्या राहिलेल्या क्रूसाच्या योहानाला त्याच्याच बांधवांनी कोठडीत डांबलं, तरी तो ढळला का? मग माझा नियम, माझं व्रत मी एका रश्श्यापायी...

“योहान आत कोंडलेला होता,” मदर म्हणाल्या. “तू म्हातारीला बाहेर कोंडलंस.”

फ्लोरिनाचा चेहरा उतरला. तरी मानी पोर ती. माझं चुकलं असेल तर व्रतं देऊ नका, म्हणाली, आजच घरी पाठवा.

बाहेरची कामं बघणाऱ्या सिस्टरला मदरनी सांतानबायमागे धाडलं. म्हातारी लांब गेलीच नव्हती. फाटकाबाहेर पातेलं मांडीवर घेऊन बसली होती.

कपाटापलीकडून तिचा आवाज आला.

“चुकलं का हो, मदर? मला ठाऊक नव्हतं. नातीचं नाव तेरेजा ठेवलंय, तेवढं सांगायचं होतं.”

मदरनी कपाट फिरवलं. पातेलं आत आलं. अजून कोमट होतं.

या मठात जिच्या हातून चूक होते ती जमिनीचं चुंबन घेते. मदर आग्नेता भिंतीला धरून, दुखरे गुडघे टेकत खाली बसल्या, आणि कपाटासमोरच्या लादीवर त्यांनी ओठ टेकवले.

“मदर, उठा,” फ्लोरिना घाबरून कुजबुजली. “तिला दिसत नाहीये.”

“म्हणून तर.”

मग तिथूनच, बसल्या बसल्या, त्यांनी लाकडापलीकडे आवाज दिला. “देव बरं करो, सांतानबाय. तुझ्या तेरेजाला आमच्या सगळ्यांचा आशीर्वाद.”

पलीकडे म्हातारी हसली की रडली, कळलं नाही...

पावलं दूर गेल्यावर फ्लोरिनानं हळूच विचारलं, आता हे खाणार कोण? माळ्याच्या घरी द्यायचं का?

“दे. ज्या देवासाठी आणलं होतं त्यानं दारातच खाल्लं. आपल्या वाट्याला पातेलं घासणं आलंय.”

फ्लोरिनानं ते राखेनं घासलं. तळाची काजळी निघाली तसं कोरलेलं नाव दिसलं. सांतानबायचं, लग्नातलं. घरातलं सगळ्यांत चांगलं भांडं होतं ते. ती घासतच राहिली... लखलखेपर्यंत.

दुपारच्या प्रार्थनेआधी ते घेऊन ती मदरपुढे उभी राहिली.

“रिकामंच पाठवणार?” मदरनी विचारलं. “दुसऱ्याचं भांडं कोणी रिकामं देतं का?”

फ्लोरिनानं पातेल्यात पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

“काय घालू, मदर? माझं म्हणून माझ्याकडे काहीच नाही.”

“आता बोललीस,” मदर म्हणाल्या. “तेच घाल.”